बुडायला कोणी घाबरत नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच गाठीभोवती फिरतात. इंग्रजीत विशेषणापुढे क्रियापद आलं की त्याला 'टू' लावायचा की 'इंग'? 'हॅपी टू' म्हणायचं आणि 'टायर्ड ऑफ वेटिंग' म्हणायचं, हे ठरवतं कोण? एकतीस वर्षं आठवी ते दहावीच्या वर्गांत हा प्रश्न मला विचारला गेला. माझं सुरुवातीचं उत्तर चांगलं नव्हतं, म्हणून या वेळी इतर पत्रं बाजूला ठेवून एवढाच विषय घेते.

लातूरहून एक परिचारिका लिहिते: बाई, परदेशी नोकरीसाठी मी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. अर्जात लिहिलं होतं, 'आय ॲम केपेबल टू हँडल इमर्जन्सी केसेस. आय ॲम इंटरेस्टेड टू वर्क इन आयसीयू.' क्लासच्या सरांनी दोन्हीकडे लाल रेघ मारली. कारण विचारलं तर साठ विशेषणांची यादी हातात दिली, पाठ करा म्हणाले. पाठ केली, पण रात्रपाळीनंतर लिहायला बसले की सगळी सरमिसळ होते. काही युक्ती आहे का? आणि मला 'अगं' म्हणालात तर बरं वाटेल.

अगं, यादी टाकू नकोस, पण दोन आठवडे कपाटात ठेव. आधी एक गोष्ट मनात पक्की कर. 'वर्थ', 'बिझी' असे मोजके अपवाद सोडले, तर 'इंग' कुठलंच विशेषण मागत नाही. 'इंग' मागतं ते विशेषणाला चिकटलेलं शब्दयोगी अव्यय. 'गुड ॲट', 'टायर्ड ऑफ', 'इंटरेस्टेड इन', 'केपेबल ऑफ' यांतले 'ॲट', 'ऑफ', 'इन' हे नामाचे सोबती आहेत. 'गुड ॲट मॅथ्स', 'टायर्ड ऑफ नॉइज'. त्यांच्यापुढे क्रियापदाला बसायचं असेल, तर त्याला नाम व्हावं लागतं, आणि इंग्रजीत क्रियापदाचं नाम होतं ते 'इंग' लावून. 'गुड ॲट स्विमिंग', 'टायर्ड ऑफ वेटिंग'. ('बट' आणि 'एक्सेप्ट' हे दोघे हा नियम पाळत नाहीत, पण ते विशेषणांच्या वाटेला फारसे येत नाहीत.)

म्हणजे प्रत्येक विशेषणाबरोबर त्याचं अव्यय ऐकायचं. 'केपेबल' हा शब्द एकटा शिकूच नये, 'केपेबल ऑफ' असा जोडीनं शिकावा. वहीत लिहितानाही एका ओळीत, एका दमात लिही.

आता मराठीकडे ये, कारण निम्मं उत्तर तुझ्या तोंडात लहानपणापासून आहे. ही वाक्यं मोठ्यानं म्हण. 'मी यायला तयार आहे.' 'मी शिकायला उत्सुक आहे.' 'तुम्हाला भेटायला मला आनंद वाटेल.' सगळीकडे 'आयला'. इंग्रजीत यांना 'टू' लागतो. 'रेडी टू कम', 'ईगर टू लर्न', 'हॅपी टू मीट'. आता ही म्हण. 'ती पोहण्यात तरबेज आहे.' 'मला वाट पाहण्याचा कंटाळा आला.' 'त्याला शिकण्यात रस आहे.' इथे 'ण्यात', 'ण्याचा'. इंग्रजीत अव्यय आणि 'इंग'. 'गुड ॲट स्विमिंग', 'टायर्ड ऑफ वेटिंग', 'इंटरेस्टेड इन लर्निंग'.

हे मेळ केवळ योगायोगानं बसलेले नाहीत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'टू' म्हणजे 'कडे', आणि त्याच्यापुढे येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला चतुर्थीचा प्रत्यय लागत असे. 'गाणे' या क्रियापदाचं साधं रूप 'सिंगन', पण 'टू' आला की 'टू सिंगेन्ने'. आपलं 'गावयास', आजचं 'गायला', अगदी त्याच बांधणीचं. इंग्रजीचा प्रत्यय पुढे झिजून गेला आणि 'टू' तेवढा उरला. 'इंग'चा उगम मात्र नामाचा. जुन्या इंग्रजीत 'लेऑर्नुंग' म्हणजे शिकणं, त्याचंच 'लर्निंग' झालं. दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेनं एकच भेद जपला आहे. 'टू' आणि 'आयला' यांचं तोंड पुढच्या कृतीकडे, तर 'इंग' आणि 'णं' कृतीलाच वस्तूसारखं उचलून हातात देतात.

हा भेद सगळ्यात स्वच्छ दिसतो 'अफ्रेड'मध्ये. आमच्या गावी मुलं पोहायला शिकत ती विहिरीत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काका काठावर उभं करायचे. मी नऊ वर्षांची होते. पाय हलत नव्हते. त्या क्षणी माझ्याबद्दल दोन वाक्यं खरी होती. मी उडी मारायला घाबरत होते. आणि मला बुडण्याची भीती वाटत होती. यांची क्रियापदं बदलून पाहा. 'मी बुडायला घाबरत होते.' कानाला लगेच खटकतं, कारण बुडायला कोणी घाबरत नाही. बुडणं ही काही ठरवून करायची गोष्ट नाही, ती आपल्यावर ओढवते. इंग्रजीतही तसंच. 'आय वॉज अफ्रेड टू जम्प.' 'आय वॉज अफ्रेड ऑफ ड्राउनिंग.' 'अफ्रेड टू ड्राउन' इंग्रज म्हणणार नाही. जी कृती आपल्या हातात आहे आणि भीतीमुळे होत नाही, तिला 'टू'. जे आपल्या हातात नाही आणि घडेल की काय अशी धास्ती आहे, त्याला 'ऑफ' आणि 'इंग'. तुझ्या कामातलं उदाहरण घे. शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण चालायला घाबरतो, म्हणून 'अफ्रेड टू वॉक'. कारण त्याला पडण्याची भीती असते, म्हणून 'अफ्रेड ऑफ फॉलिंग'. (उडीसाठी 'अफ्रेड ऑफ जम्पिंग' म्हटलं तर ते चूक नाही, पण त्यात काठावर थबकलेले पाय दिसत नाहीत.)

'अशेम्ड'ही असाच. 'डॉक्टरांना विचारायला मला लाज वाटते', म्हणजे अजून विचारलेलं नाही. 'अशेम्ड टू आस्क'. 'मी असं विचारल्याची मला लाज वाटते', म्हणजे विचारून झालं. 'अशेम्ड ऑफ आस्किंग'. 'विचारायला' आणि 'विचारल्याची' यांतला फरक तुला कोणी शिकवलेला नाही. तो तुला येतो. तोच वापर.

पण मराठी जिथे फसवते, तिथेच तुझी दोन्ही वाक्यं अडकली आहेत. आपण म्हणतो, 'मी हे करायला समर्थ आहे.' 'आयला' आला म्हणून तू 'टू' लावलास. तुझ्या कानानं चूक केली नाही, इंग्रजीनंच इथे दोन शब्द ठेवले आहेत. 'एबल' घेतलास तर 'एबल टू हँडल'. 'केपेबल' घेतलास तर 'केपेबल ऑफ हँडलिंग'. ही जोडी मात्र पाठच कर, तिला इलाज नाही.

'इंटरेस्टेड'ला 'टू' लागतच नाही असं तुझ्या सरांनी सांगितलं असेल तर ते अर्धं बरोबर. काम, छंद, अभ्यास यांत रस असेल तर 'इन' आणि 'इंग'. 'इंटरेस्टेड इन वर्किंग'. पण एखादी बातमी कळून किंवा कळावी म्हणून मन जागं होतं, तेव्हा 'टू' येतो. 'आय वॉज इंटरेस्टेड टू हिअर दॅट.' 'आय वुड बी इंटरेस्टेड टू नो.' हे 'हिअर', 'नो', 'सी', 'रीड', 'लर्न' अशा कळण्याच्या क्रियापदांबरोबरच शोभतं. 'वर्क' त्यांतलं नाही.

तुझ्या अर्जात असं लिही. 'आय ॲम केपेबल ऑफ हँडलिंग इमर्जन्सी केसेस. आय ॲम इंटरेस्टेड इन वर्किंग इन ॲन आयसीयू.' आणि एक खोड मीच आपण होऊन काढते, कारण ती जवळजवळ प्रत्येक अर्जाच्या शेवटी दिसते. 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' असं लिहू नकोस. तिथे 'हिअरिंग'. का, ते पुढच्या पत्रात.

मूळचे साताऱ्याचे, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत असलेले एक वाचक लिहितात: शेजारच्या गृहस्थांना मी सांगितलं, 'आय ॲम युज्ड टू वॉक इन द मॉर्निंग.' नातू म्हणाला, आजोबा, 'वॉकिंग' म्हणा. मी म्हटलं, 'टू'नंतर साधं क्रियापद येतं हे आम्हाला पाचवीत शिकवलंय. कोण बरोबर?

आजोबा, या वाक्यात नातू बरोबर आहे. तुमचं पाचवीचं शिक्षण खोटं नव्हतं, ते अपुरं राहिलं. इंग्रजीत 'टू' दोन आहेत. एक क्रियापदापुढे बसणारा, 'आयला'चा. दुसरा अस्सल शब्दयोगी, 'टू पुणे', 'टू माय सन' यांतला, नामापुढे बसणारा. 'युज्ड टू', 'अकस्टम्ड टू', 'कमिटेड टू', 'अपोज्ड टू', आणि वर सांगितलेला 'लुक फॉरवर्ड टू', या सगळ्यांत दुसरा 'टू' आहे.

ओळखायचं कसं? क्रियापद काढा आणि तिथे 'इट' ठेवून पाहा. 'आय ॲम युज्ड टू इट', मला त्याची सवय आहे. वाक्य उभं राहिलं. म्हणजे ही जागा नामाची, क्रियापदाला 'इंग' लागणार. आता 'आय ॲम रेडी टू इट'. 'ते' या अर्थाचा 'इट' तिथे बसतच नाही. ही जागा क्रियापदाची.

मराठी कानही साथ देतो. आपण 'चालायची सवय' म्हणतो, 'चालायला सवय' म्हणत नाही. तो 'ची' तुम्हाला सावध करेल.

आणि एक सांभाळा. 'ॲम' गाळून 'आय युज्ड टू वॉक' म्हणालात, तर वाक्य शुद्धच आहे, पण अर्थ उलटतो. 'मी पूर्वी चालत असे', म्हणजे आता चालत नाही. शेजाऱ्यांना तुमच्या गुडघ्यांची काळजी लागेल. सकाळचं चालणं चालू असेल तर 'ॲम' आणि 'वॉकिंग' दोन्ही घट्ट धरा.

अकोल्याहून एक विद्यार्थी: 'नाईस टू मीट यू' की 'नाईस मीटिंग यू'?

दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. ओळख होताना, हात पुढे करताना 'नाईस टू मीट यू'. निरोप घेताना, भेट पदरात पडल्यावर, 'नाईस मीटिंग यू' किंवा 'इट वॉज नाईस मीटिंग यू'. निरोपाला 'इट वॉज नाईस टू मीट यू' हेही चालतं. चालत नाही ते एवढंच, की दारातून आत येता येता 'नाईस मीटिंग यू' म्हणणं. ऐकणाऱ्याला वाटेल, हा निघाला.

या वाक्याशी माझी एक आठवण बांधलेली आहे, ती सांगायला हवी. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. सहामाहीत निरोपाचा संवाद लिहायला दिला होता. नववीतल्या एका मुलीनं शेवटी लिहिलं, 'इट वॉज नाईस मीटिंग यू.' मला शिकवलेल्या तक्त्यात 'नाईस'पुढे फक्त 'टू' होता. मी गुण कापला. ती वही घेऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, 'बाई, हे मी रेडिओवर ऐकलंय.' मी तक्ता दाखवला. ती काही न बोलता जागेवर जाऊन बसली. ते वाक्य बरोबर होतं हे मला कळलं तेव्हा ती शाळा सोडून गेली होती. त्यानंतर 'कुठे ऐकलंस?' हे विचारल्याशिवाय मी कुणाच्या वाक्यावर रेघ मारली नाही. ती हे वाचत असेल तर तिला सांगते, तुझा कान बरोबर होता, आणि तो गुण तुझा होता.

कोल्हापूरहून वृत्तपत्रात अनुवाद करणारे एक वाचक: कुस्तीच्या बातमीत मी 'ही इज शुअर टू विन' असं लिहिलं. संपादकांनी 'ही इज शुअर ऑफ विनिंग' केलं. फरक आहे का?

फार मोठा आहे. आधी सांगा, खात्री कोणाची होती? 'ही इज शुअर ऑफ विनिंग' म्हणजे पैलवानाला स्वतःला खात्री आहे की आपण जिंकणार. 'ही इज शुअर टू विन' म्हणजे तो जिंकणार याची खात्री बोलणाऱ्याला, इथे बातमी लिहिणाऱ्या तुम्हाला, आहे. पैलवान बिचारा धास्तावलेला असला तरी हे वाक्य खरं राहतं. 'सर्टन टू' आणि 'सर्टन ऑफ' यांचंही असंच.

मूळ मराठीत 'जिंकण्याची त्याला खात्री आहे' असं असेल तर संपादक बरोबर. 'तो जिंकणार हे नक्की' असं असेल तर तुम्ही. मूळ वाक्य तुम्ही पत्रात दिलेलं नाही, पण मैदानाच्या बातमीत एकाचं मत दुसऱ्याच्या तोंडी जाणं ही लहान चूक नव्हे. मूळ ओळ संपादकांसमोर ठेवून ठरवा.

नाशिकहून: 'धिस बुक इज वर्थ टू रीड' चूक का?

'वर्थ' नामच मागतो. 'वर्थ टेन रुपीज', 'वर्थ इट'. म्हणून 'वर्थ रीडिंग'. आपल्या 'वाचण्याजोगं'सारखं. 'बिझी'चंही तसंच, 'बिझी कुकिंग', स्वयंपाकात गर्क. त्या 'गर्क'च्या आधीचा 'त' इंग्रजीत आता ऐकू येत नाही, एवढंच.

अलिबागहून एक शिक्षिका: 'ईझी टू प्लीज' आणि 'ईगर टू प्लीज' यांची रचना सारखीच दिसते. मुलांना अर्थातला फरक कसा समजावू?

बाई, तुम्ही निवडलेली जोडी जुनी आणि मानाची आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात हीच जोडी पुढे ठेवून दाखवलं, की वरून सारखी दिसणारी वाक्यं आतून वेगळी असतात. 'जॉन इज ईगर टू प्लीज' यात खूश करणारा जॉन. 'जॉन इज ईझी टू प्लीज' यात खूश करणारे दुसरे, जॉन खूश होणारा.

पण वर्गासाठी मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नी, भाषाशास्त्रज्ञ कॅरल चॉम्स्की यांचं काम अधिक उपयोगी पडलं. त्यांनी पाच ते दहा वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर एक साधा प्रयोग केला, तो १९६९ मध्ये पुस्तकरूपानं आला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली मुलासमोर ठेवायची आणि विचारायचं, 'इज द डॉल ईझी टू सी ऑर हार्ड टू सी?' बाहुली तर समोरच आहे, म्हणजे दिसायला सोपी. पण लहानांपैकी अनेकजण 'हार्ड टू सी' म्हणाले, कारण त्यांना वाटलं, पाहणारी बाहुली आहे आणि तिचे डोळे बांधलेत. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी त्या मुलांनाही ही रचना उशिरा उमगते. तेव्हा आठवीतली आपली मुलं इथे अडली तर त्यांना मंद समजू नका. मला हे समजलं तेव्हा माझा वर्गातला आवाज खाली आला.

मी दरवर्षी बाहुली नेत असे. रुमाल बांधायचा, प्रश्न विचारायचा, आणि मग मराठीत यायचं. 'ही बाहुली शोधायला सोपी आहे.' शोधणार कोण? आपण. 'ही मुलगी शोधायला तयार आहे.' शोधणार कोण? ती. मराठीतही दोन्हीकडे 'शोधायला'च आहे आणि मुलं एका क्षणात बरोबर उत्तर देतात. तिथून इंग्रजीत परत जायचं. 'ईझी', 'हार्ड', 'डिफिकल्ट', 'इम्पॉसिबल' ही विशेषणं कामाबद्दल बोलतात, म्हणून त्यांना 'इट' पुढे घेऊन उलटवता येतं. 'इट इज ईझी टू प्लीज जॉन.' 'ईगर', 'रेडी', 'विलिंग' माणसाच्या मनाबद्दल बोलतात, त्यांना असं उलटवता येत नाही. 'इट इज ईगर टू प्लीज जॉन' म्हणून पाहिलं की मुलांना आपोआप कळतं.

तासाच्या शेवटी फळ्यावर एक वाक्य लिहा. 'द चिकन इज रेडी टू ईट.' आणि त्याखाली त्याचं मराठी, 'कोंबडी खायला तयार आहे.' ताटात आहे की अंगणात दाण्यांची वाट पाहते आहे, हे दोन्ही भाषांत सांगता येत नाही. दोन चित्रं काढायला सांगा, घंटा होईपर्यंत कोणी उठत नाही.